8,450 रुपयांचा ‘नवा मेन बोर्ड’

टीव्ही दुरुस्तीसाठी इंटरनेटवर शोधताना सर्वांत वर दिसलेल्या नंबरावर मी फोन केला आणि स्वतःला ‘अधिकृत सेवा केंद्र’ म्हणवणाऱ्या माणसांनी माझ्याकडून 8,450 रुपये उकळले. असे नंबर जाहिरातीचे पैसे भरून वर आणले जातात, तो भाग लांबवत नाही.

आमचा बत्तीस इंची एलईडी टीव्ही बरेच दिवस उशिरा सुरू होत होता. लाल दिवा लुकलुकायचा, आतून टिकटिक ऐकू यायची, पुण्यातल्या थंडीत सकाळी तर फारच वेळ लागायचा आणि शेवटी तो सुरूच होईना. पॉवर सप्लायमधले, म्हणजे टीव्हीला वीज पुरवणाऱ्या भागातले, कंडेन्सर (कपॅसिटर, वीज साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) गेल्याची ही नेहमीची लक्षणे आहेत, हे कोणताही कारागीर झाकण न उघडता ओळखतो. मला ते माहीत नव्हते आणि सामान्य ग्राहकाला ते माहीत असावे असे कोणी म्हणू नये.

घरी आलेल्या मुलाने 450 रुपये व्हिजिट चार्ज घेतला, झाकण काढले, मोबाइलचा उजेड टाकला आणि ‘मेन बोर्ड गेला’, म्हणजे चित्र आणि आवाज सांभाळणारा मुख्य बोर्ड बिघडला, असे सांगून टाकले. वीज मोजायचा मल्टिमीटर त्याने पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. त्याच क्षणी मी त्याला थांबवायला हवे होते, हे अजून मनातून जात नाही. कारण पॉवर सप्लायच्या बोर्डावरील दोन कंडेन्सरची माथी फुगलेली मला स्पष्ट दिसत होती, एकाच्या खाचेतून तपकिरी द्रव बाहेर येऊन वाळला होता, आणि मी बोट दाखवून विचारलेही होते. ‘काका, उष्णतेने ते तसंच दिसतं,’ असे तो इतक्या सहजपणे म्हणाला की पुढे विचारणे मला उद्धटपणाचे वाटले. कंडेन्सरचे माथे सपाटच असते. फुगले म्हणजे तो बाद झाला.

बोर्डाचे 6,800 आणि मजुरीचे 1,200 ठरले. 3,000 रुपये आगाऊ देऊन टीव्ही त्यांच्याकडे सोपवला, तो चालू होऊन परत आल्यावर उरलेले 5,000 दिले. मिळाली ती हाताने लिहिलेली चिठ्ठी, जीएसटी क्रमांक नसलेली.

पावसाळा संपताना तीच टिकटिक पुन्हा सुरू झाली. या वेळी ओळखीच्या कारागिराने टीव्ही उघडला. पहिल्या वेळी मी भाच्याला पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर होता. त्यातला मेन बोर्डावरचा बारकोड आणि समोरच्या बोर्डावरचा बारकोड एकच निघाला. बोर्ड बदललाच नव्हता. बदलले होते चार कंडेन्सर, तेही 105 अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सोसणाऱ्यांच्या जागी 85 अंशांपर्यंतचे. तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, मग ते टिकणार किती? योग्य, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोध असलेले) कंडेन्सर सुमारे साठ रुपयांत आले आणि मजुरीसह त्याने 350 रुपये घेतले.

त्यानंतर दाद मागण्याचा जो अनुभव आला तो फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. टीव्हीच्या कंपनीने ‘ते आमचे केंद्र नाही’ म्हणून हात झटकले, जणू तिच्या नावाने लोकांना लुबाडले जाणे हा तिचा प्रश्नच नाही. चौकीत सांगितले की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, हा दिवाणी मामला आहे. सायबर विभागात सांगितले की माणूस घरी आला होता, मग ही ऑनलाइन फसवणूक कशी? 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, ती समोरून उत्तर नाही म्हणून बंद झाली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, पण नोटीस बजावायला पत्ता लागतो. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर मोबाइल कव्हरचे दुकान आहे. प्रत्येक टेबलावर माझेच चुकले असे ऐकवणाऱ्यांपैकी एकानेही तो नंबर लावून पाहिला नाही.

म्हणून झाकण उघडताच दोन्ही बोर्डांचे बारकोड दिसतील असे फोटो काढा. काढलेला जुना भाग परत मागा आणि कारागीर तो देणार नसेल तर पैसे देऊ नका. नंबर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा वॉरंटी कार्डावरूनच घ्या. मात्र चिडून स्वतः आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ राहू शकतात. त्या केंद्राची जाहिरात आजही शोधात सर्वांत वर दिसते आणि व्हिजिट चार्ज अजूनही 450 रुपयेच आहे.