बायोनिक हात: तीन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

बायोनिक हात, म्हणजे बॅटरी आणि मोटरवर चालणारा कृत्रिम हात, घेऊ का नको असं खूप जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला आलेल्या बऱ्याचशा अडचणी या प्रकारच्या सगळ्याच हातांच्या आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. माझा डावा हात जन्मापासून कोपराच्या थोडा खाली संपतो. अपघात नाही की आजार नाही. जाहिरातीत म्हणतात ना 'हात परत मिळाला', ते मला लागूच होत नाही, माझा गेलाच नव्हता. लहानपणापासून स्टंप (हात जिथे संपतो ते टोक), कोपर, दात, गुडघे सगळं वापरून कामं करत आले आणि ती नीट होत होती. म्हणजे माझ्या शरीरात ही वरून घातलेली भर आहे आणि मी तिला तशीच तपासली, हिच्यामुळे माझं कोणतं काम सोपं झालं एवढंच बघितलं.

चालतो कसा ते सांगते. स्टंपवर चढवायचं कवच म्हणजे सॉकेट, त्याच्या आत दोन इलेक्ट्रोड असतात, ते स्नायू आवळल्यावर कातडीवर येणारे बारीकसे विद्युत सिग्नल पकडतात. एका बाजूचे स्नायू आवळले की मूठ बंद, दुसऱ्या बाजूचे आवळले की उघडते, आणि दोन्ही एकदम आवळले की पकडीचा प्रकार बदलतो. हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले आणि ते चार महिने कठीण होते, संध्याकाळपर्यंत हात भरून यायचा. घाम आला की सिग्नल गडबडतो, मग हातातली वस्तू सुटते नाहीतर सोडायची असते तेव्हा सुटत नाही.

चांगलं काय ते आधी. एका हाताने वस्तू धरून दुसऱ्याने काम करायचं असेल तिथे खरंच उपयोग होतो. बाटलीचं झाकण, छत्री धरून कुलूप उघडणं, कपड्यांच्या घड्या. माझा उजवा खांदा आणि मनगट सतत दुखायचं कारण सगळा भार एकाच बाजूवर, ते बरंच कमी झालं, आणि फक्त एवढ्यासाठी सुद्धा मला घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

आता वजन. नुसता पंजाच अर्ध्या किलोच्या आसपास, वर सॉकेट आणि बॅटरी. कोणी म्हणेल खऱ्या हाताचंही तेवढंच असतं, पण खरा हात हाडाला धरून असतो, हा कातडीवर लटकलेला असतो, आठव्या तासाला फरक कळतो. पाण्यात चालत नाही. वरचं सिलिकॉनचं कव्हर फाटतं आणि डागही पडतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी मला कोणीही आधी सांगितली नाही, स्पर्श जातो. माझा स्टंप म्हणजे माझं सगळ्यात हुशार बोट आहे, गरम, ओलं, खरखरीत, घसरतंय का, सगळं त्याला कळतं. सॉकेट घातलं की ते झाकलं जातं आणि त्या बदल्यात पाच बोटं मिळतात ज्यांना काहीच कळत नाही, प्रत्येक वस्तूकडे डोळे लावून बसावं लागतं. म्हणून घरी मी तो काढूनच ठेवते. याला प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम हात बसवून देणारे तज्ज्ञ, 'कमी वापर' म्हणाले. मी त्याला अक्कल म्हणते, कुठलं हत्यार कधी ठेवून द्यायचं हे वापरणाऱ्यालाच कळतं.

हे काही नवीन नाही. आईने गरोदरपणी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हात न वाढलेली मुलं जन्माला आली, 1961 मध्ये ते औषध बाजारातून काढलं, मग त्या मुलांना गॅसवर चालणारे जड हात बसवले. बऱ्याच मुलांनी ते टाकून दिले आणि पायाने लिहिलं, पायाने जेवली. त्या मुलांना कुणी विचारलंच नव्हतं की तुम्हाला काय हवंय.

मी जोडीला एक जुन्या पद्धतीचा हुक पण वापरते, खांद्याच्या हालचालीने केबल ओढली जाते आणि तो उघडतो. याचं मूळ डिझाइन 1912 च्या पेटंटचं, डेव्हिड डॉरन्स यांचं, त्यांचा स्वतःचा हात अपघातात गेला होता. केबलचा ताण खांद्याला जाणवतो, त्यामुळे किती जोर लागतोय ते न बघता कळतं. 2016 मध्ये झुरिचजवळ सायबॅथलॉन झाली, रोजच्या कामांची शर्यत, तिथे कृत्रिम हातांच्या गटात मोटरवाल्या हातांना मागे टाकून रॉबर्ट रॅडोसी जिंकले ते अशाच केबलवाल्या हाताने. पण हुकचा फोटो कोणी मासिकाच्या कव्हरवर छापत नाही.

लोकांचं वागणं हा पण रिव्ह्यूचाच भाग आहे. ऑफिसातला एक जण बायोनिक हात बघून म्हणाला, तू तर आमच्या पुढे गेलीस, सुपरह्यूमन. पुढच्या आठवड्यात हात दुरुस्तीला गेला म्हणून मी तशीच गेले तर त्याच माणसाने माझ्या हातातली फाइल घाईघाईने काढून घेतली आणि नंतर नजर चुकवत राहिला. मी तीच होते हो. खूप लागलं ते. लांब उडीवाल्या मार्कुस रेहमचं पण बघा, 2023 मध्ये ब्लेड (कृत्रिम पायाची पाती) लावून 8.72 मीटर, पण ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला नाही, ब्लेडचा जास्तीचा फायदा होतो अशी शंका घेतात. आधी आम्ही कमी असतो आणि मग एकदम जास्त होतो, मधली जागा आम्हाला मिळतच नाही.

दुरुस्तीबद्दल तर राग आहे माझा. तर्जनीच्या आतली तार तुटली, हात पाठवला, पाच आठवडे लागले, बदली हात नाही. स्वतः उघडायचा नाही, सेटिंग फक्त त्यांच्या सॉफ्टवेअरमधून. तेव्हा मला आर्गस 2 आठवलं, अंध लोकांच्या डोळ्यात बसवलेलं 60 इलेक्ट्रोडचं इम्प्लांट. 2019 मध्ये सेकंड साइट कंपनीने ते बनवणं बंद केलं आणि लोकांच्या डोळ्यात मशीन तसंच राहिलं. माझा हात निदान काढून टेबलावर ठेवता येतो.

घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी हे विचारा: दुरुस्तीला किती दिवस, तोवर बदली हात देणार का, सुटे भाग किती वर्षं मिळतील, सेटिंग स्वतः बदलता येईल का, हे सगळं लेखी घ्या. आणि ट्रायल सॉकेट आठवडाभर घरी न्यायला मागा, क्लिनिकमध्ये वीस मिनिटं घालून काहीही कळत नाही.