टॉमी डग्लस आणि अर्नेस्ट मॅनिंग: शेजारच्या प्रांतांचे दोन प्रीमियर

कॅनडात प्रांताच्या मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात. सस्कॅचेवानचे डग्लस (1944 ते 1961) आणि अल्बर्टाचे मॅनिंग (1943 ते 1968) हे दोघेही बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक. दोघेही मंदीने होरपळलेल्या गव्हाच्या मुलखातून वर आले. पण एकाच बायबलमधून दोघांनी किती वेगळा अर्थ काढला!

मॅनिंग यांच्या मते परोपकार ही माणसाची स्वतःची जबाबदारी होती, ती सरकारने सक्तीने घ्यायची नव्हती. 1947 मध्ये लेडुकला तेल सापडलं आणि अल्बर्टाची तिजोरी भरली. कारभार चोख, निवडणुका ओळीने जिंकलेल्या. प्रीमियर असतानाही ते रेडिओवर धर्मप्रवचन देत.

डग्लस यांच्याकडे असं तेल नव्हतं. लहानपणी हाडाच्या संसर्गाने त्यांचा पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया केली, म्हणून पाय वाचला. उपचार नशिबावर अवलंबून नसावेत, हे त्यांच्या मनात कायमचं रुजलं. 1947 मध्ये त्यांनी प्रांतात सार्वत्रिक रुग्णालय विमा आणला. सर्वांसाठीची वैद्यकीय विमा योजना 1 जुलै 1962 ला सुरू झाली, तेव्हा डॉक्टर 23 दिवस संपावर गेले. तोवर डग्लस केंद्रीय राजकारणात गेले होते. तो संप त्यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांनी निभावला, आणि त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याची मला खंत वाटते.

सलग सत्ता पाहिली तर मॅनिंग पुढे. मला मात्र डग्लस मोठे वाटतात. मॅनिंग यांचा सक्तीच्या विम्याला विरोध होता, तरी 1969 मध्ये अल्बर्टाही वैद्यकीय विम्याच्या राष्ट्रीय योजनेत आलाच.