मनीप्लांटसाठी काथ्याची काठी : लातुरातल्या दोन उन्हाळ्यांचा अनुभव

माझी मनीप्लांट म्हणजे आईच्या औशाच्या घरून आणलेली एक फांदी. आई गेल्यावर त्या घरातून मी तेवढंच मागून घेतलं होतं. नऊ वर्षं ती पूर्वेच्या खिडकीतून खाली लोंबत राहिली. लांब व्हायची, पण पानं विड्याच्या पानाहून लहान. त्यात नात रांगायला लागली आणि लोंबती टोकं तिच्या हाताला येऊ लागली. या वेलीच्या पानादेठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, लेकरानं चावलं तर तोंडाची आग होते. वेल वर चढवायचीच, असं तेव्हा ठरवलं.

पहिली काठी ऑनलाइन मागवली, ती फसली. आत कळकाचा तुकडा होता. सततच्या ओलीनं तो बुडाशी कुजला आणि श्रावणात काठी वेलीसकट आडवी झाली. काथ्यात शिरलेली मुळं तुटली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसरी इथल्याच एका नर्सरीतून आणली. दोन फुटी, १८० रुपये. आत पीव्हीसीचा पाइप, वरून काथ्या घट्ट गुंडाळून सुतळीनं बांधलेला. ही अजून ताठ उभी आहे. घेताना काठी उभी धरून काथ्या पिळून बघा, तो पाइपावरून फिरत असेल तर घेऊ नका. नर्सरीतल्या दादांनी निघताना सांगितलं, "ताई, कुंडीला नंतर पाजा, आधी काठीला पाजा." सगळी मेख यातच आहे.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरची, दमट रानात झाडाच्या खोडाला धरून चढणारी. पेरापेराशी तिला मुळांचे कोंब असतात. काथ्या ओला असला तरच ते आत शिरतात, नाहीतर तिथंच वाळून काळे पडतात. लातूरच्या एप्रिलात सकाळी भिजवलेली काठी दुपारपर्यंत कडकडीत होते. पहिल्या उन्हाळ्यात मी कुंडीलाच पाणी घालत राहिले, तर खालची पानं पिवळी पडली आणि वर एकही मूळ धरलं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, महिनाभरात काथ्यावर पांढरा थर चढला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. काठीवर चांगलं पाणी ओतायला माझा हात धजत नव्हता. मग खालच्या काकूंच्या एसीच्या नळीखाली बादली ठेवली. हवेतली वाफच गार होऊन गळते, त्यामुळं त्या पाण्यात क्षार जवळपास नसतात. आमच्या कोरड्या हवेत ते थोडंच निघतं, पण काठीला सकाळी एक तांब्या पुरतो. वरून हळूहळू ओतायचं, पाइपाच्या कडेनं झिरपत खाली येतं. कुलरमधलं उरलेलं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी साचलेले असतात. कुलरचा झोतही वेलीवर नको.

बांधायला जुन्या साडीची पट्टी घ्या, तार नको. पेराची मुळांची बाजू काथ्याला टेकवून सैल गाठ मारायची. पानाचा देठ बांधायचा नाही. काठी कुंडी बदलतानाच रोवा, मागाहून खुपसली तर मातीतली मुळं तुटतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात तीन पेरं काथ्यात रुतली. आता वरची पानं पळसाच्या पानाएवढी झाली आहेत, आईच्या घरीसुद्धा एवढी नव्हती. काठीत एकच उणीव: वर दुसरी जोडायची सोय नाही, आणि वेल शेंड्याला पोचली आहे. दादांना तीन फुटी, वर सॉकेट असलेली बनवायला सांगून आले आहे. तोवर शेंड्याच्या दोन फांद्या पेराखाली कापून पाण्यात ठेवल्यात, एक नांदेडला लेकीकडं जाईल.