अ‍ॅशफर्डचा सॅम्पलइट माग: सुट्ट्यांनंतर नवं विणायला घेताना

सुट्ट्या संपून घर शांत झालं की मागावर काहीतरी नवं चढवावंसं वाटतं. पण मोठा माग भरण्यातच दिवस जातात आणि उत्साह तिथेच ओसरतो. न्यूझीलंडच्या अ‍ॅशफर्ड कंपनीचा सॅम्पलइट हा टेबलावरचा छोटा माग इथे खरा कामाला येतो. सकाळी ताणा (लांबीचे उभे धागे) भरला, तर संध्याकाळी कापड दिसू लागतं.

विणरुंदी 25 किंवा 40 सेंटिमीटर. 40चाच घ्यावा. अरुंद कापड मोठ्या मागावर विणता येतं, उलट शक्य नाही. शिवाय धुतल्यावर रुंदी आणखी घटते. सुटे भाग आपणच जोडायचे असतात. लाकूड कोरं असेल तर जोडण्याआधी मेण चोळून घ्या, नंतर सांध्यांत हात पोहोचत नाही. सोबत इंचाला साडेसात धाग्यांची फणी (उभे धागे ओवायची आणि आडवा धागा बसवायची चौकट), दोन धोटे (आडवा धागा नेणारे), ताणा भरायची खुंटी आणि धागा ओढायचा आकडा मिळतो. सुरुवातीला एवढं पुरे.

कुठलं सूत या फणीला चालेल, हे ठरवायला पट्टीवर एक इंचात सूत शेजारी शेजारी गुंडाळा आणि वेढे मोजा. साध्या विणीसाठी त्याच्या निम्मी फणी लागते. 15 वेढे बसणारी मध्यम जाडीची लोकर इथे नेमकी बसते. बारीक सुती धागा एकेरी भरलात तर कापडाची जाळी होते. 8/2 सुतासाठी (बारीक दोनपदरी सुती धागा) 10ची फणी वेगळी घ्या आणि धागा दुहेरी भरा.

पहिलं काम म्हणून मफलर उत्तम. फणीत रुंदी 25 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 76 धागे. 150 सेंटिमीटर कापड, त्यावर आकसण्यासाठी साधारण 15 टक्के, आणि मागावर अडकून राहणाऱ्या टोकांसाठी 60-65 सेंटिमीटर. त्या टोकांतूनच गोंडे निघतात. ताणा 240 सेंटिमीटरचा धरला तर 182 मीटर लोकर लागेल. बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, आणखी 140 मीटर ठेवा. लोकर ताणून मोजू नका, मागावरून उतरल्यावर ती आखडते आणि मफलर आखूड पडतो.

खुंटी 240 सेंटिमीटर दूर घट्ट बसवा. फणीत चिरा आणि भोकं एकाआड एक असतात. प्रत्येक चिरेतून एक फेरा काढून खुंटीला अडकवायचा. 38 फेऱ्यांत 76 धागे होतात. मग ताणा मागच्या रुळावर गुंडाळताना प्रत्येक थरात जाड कागद घाला. कागद नसेल तर वरचे धागे खालच्यांत रुततात, काही सैल पडतात, आणि विणताना ते सैल धागे लोंबून धोट्याला अडतात. गुंडाळून झालं की चिरेतल्या दोनपैकी एक धागा शेजारच्या भोकात घाला. इथे घाई नको. एक धागा चुकीच्या भोकात गेला तर ती रेघ कापडभर राहते.

या मागाची खरी मर्यादा त्याच्या आखूड चौकटीत आहे. ताण्याच्या दोन थरांमधली, धोटा जाण्याची फट मुळातच लहान, आणि विणलेली कड फणीकडे सरकली की ती आणखी मिटते. म्हणून दर 5-6 सेंटिमीटरनंतर कापड पुढे गुंडाळावं लागतं. रुळांची दातेरी चक्रं नायलॉनची आहेत. ताण एकदम न सोडता चक्राला हात लावून सोडा.

काठ आत ओढले जाणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. बाणा सरळ टाकला की तो ताण्यातून वर-खाली जायला लांबी उरत नाही. तो तिरका ठेवा, मग फणीने हलकेच बसवा, ठोकू नका. रुंदी 25ची 23 झाली तर ठीक. त्याहून घटली की काठाचे धागे फणीवर घासतात आणि तुटतात. भुरभुरीत, एकेरी पिळाची लोकर ताण्याला वापरूच नये; बाण्यात ती सुंदर दिसते.

मागावरून उतरलेली लोकर कडक आणि विरळ वाटते, तिला त्यावरून नापास करू नका. कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सपाट वाळवा. विरळपणा बराच भरून येतो.

साडी-चादरीची रुंदी किंवा सलग ट्विल (तिरक्या रेघांची वीण) हवं असेल तर हा माग घेऊ नका, चार शाफ्टचा (धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा) बघा. साधी वीण, पट्टे, चौकडी आणि नमुने यांसाठी मात्र बिनधास्त घ्या.