वर्कशॉपमधला माल: मार्कर आणि वही, की क्यूआर स्टिकर?

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये डब्यावर मार्करने नाव आणि खिळ्याला टांगलेली वही, एवढाच मालाचा हिशेब होता. आता निम्म्या रॅकवर क्यूआर स्टिकर लावलेत, त्यामुळे दोन्ही पद्धती रोज शेजारीशेजारी दिसतात.

मार्करचा मोठा गुण म्हणजे वेग. एम ८ बोल्टचा डबा लांबूनच ओळखू येतो, तेलकट हाताने मोबाइल काढावा लागत नाही. पण माल संपत आलाय हे वही आपणहून सांगत नाही. ६ मिमीचं ड्रिल संपल्याचं कळतं ते जॉब मशीनवर चढवल्यावर!

इथे क्यूआर फार उपयोगी पडतो. स्कॅन केलं की गूगल शीटमधली ती ओळ उघडते: शिल्लक किती, माल कुठून आणला, मागचा भाव काय. मुळात हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायलाच काढला. 'एच' पातळीचा, म्हणजे चूक सुधारायची सर्वात जास्त क्षमता असलेला कोड छापला तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो. मात्र कागदी स्टिकरला कूलंट लागलं की त्याचा लगदा होतो, पॉलिएस्टरचंच घ्या. आणि झाकणावर मुळीच चिकटवू नका, झाकणं हमखास अदलाबदल होतात.

माझं मत सांगतो. नट-बोल्ट, वॉशरला मार्कर पुरे. इन्सर्ट, टॅप, रीमर असल्या महागड्या वस्तूंना क्यूआर लावाच, आणि कोडखाली नाव ठळक मराठीत छापा. रात्रपाळीचा हेल्पर आधी नावच वाचतो.