डेडिकेटेड लाइन की रीकॉन्फिगरेबल लाइन?

एकच इंजिन ब्लॉक वर्षानुवर्षे लाखोंनी काढायचा असेल, तर डेडिकेटेड लाइनला, म्हणजे त्या एकाच भागासाठी बांधलेल्या यंत्रांच्या साखळीला, तोड नाही. मल्टी-स्पिंडल हेड (अनेक ड्रिल एकत्र बसवलेला यंत्राचा भाग) एकदा खाली आलं की सगळी भोकं एकदम पडतात. नगामागचा खर्च अगदी कमी. पण डिझाइनमध्ये भोकांची जागा जरा सरकली, की तेच हेड निरुपयोगी. मागणी निम्म्यावर आली तरी भांडवल अडकलेलंच.

रीकॉन्फिगरेबल प्रणालीची कल्पना संशोधक योरम कोरेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली सविस्तर मांडली. इथे यंत्राची रचनाच बदलता येते, तीही एका पार्ट-फॅमिलीपुरती, म्हणजे मिळत्याजुळत्या भागांच्या गटापुरती: हेड बदला, यंत्राच्या हालचालीचा अक्ष वाढवा, मागणी वाढली की त्याच टप्प्यावर शेजारी आणखी एक यंत्र जोडा. न लागणाऱ्या लवचिकतेचे पैसे मोजावे लागत नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. एका प्लांटचं काम अचानक दुसऱ्याकडे वळवायची वेळ आली, की या दोन प्रकारच्या लाइनमधला फरक ठळक दिसतो.

रीकॉन्फिगरेबल लाइनचा कस लागतो तो मोड्यूल (हेडसारखा सुटा भाग) बदलल्यानंतर. अलाइनमेंट तपासा, प्रोग्राम जुळवा, पहिले नग मोजा. दोष कुठून येतोय हे झटपट सापडलं नाही, तर उत्पादन रुळावर यायला खूप वेळ जातो. लाइनमध्येच मोजमापाची सोय नसेल, तर ही प्रणाली मी सुचवणार नाही.