बहावा की तामण?
आमच्या दारात गुलमोहर होता, वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून शेडचा पत्रा फुटला, तेव्हापासून त्याचं नावच नको. आता बहावा लावायचा का तामण, यावर घरात खल चाललाय. दोन्ही पानगळीचीच. बहावा एप्रिल-मेमध्ये असा पिवळाधमक लटकतो की पान शोधावं लागतं, पाणी पण फार मागत नाही, फक्त त्या हातभर काळ्या शेंगा गाडीखाली चिरडल्या की चिकट गर अन् वास, शेजारच्या काकू झाडून झाडून वैतागल्यात. तामण म्हणजे आपलं राज्यफूल, क्रेप कागदासारख्या चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या, लई भारी, पण मुळात ओढ्याकाठचं झाड, सुरुवातीचे उन्हाळे बादल्या ओताव्या लागणार. आमच्यात पाणी दिवसाआड येतंय, म्हणून मी बहाव्याकडं. पंचगंगेकाठी जागा असती तर डोळे झाकून तामणच.